अकरा वेळा, शेवटपर्यंत

चष्म्याच्या दुकानात नंबर काढणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकं सहसा डॉक्टर म्हणतात. याला मात्र ओळखीतले सगळे 'वन्समोअर' म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. नाटकात प्रेक्षक खूश झाले की वन्समोअर देतात. हा स्वतःच स्वतःला द्यायचा. सुट्टीच्या दिवशी चार ओळखीची माणसं गोळा करून तो फिल्म बनवायचा, आणि एकेका वाक्याचे वीस-वीस टेक घ्यायचा. "छान झालं, आता फक्त एकदा पुन्हा," हे तो इतक्या गोड आवाजात म्हणे की पहिल्या सात-आठ वेळा माणसाला रागसुद्धा येत नसे.

अशा रीतीनं अठ्ठावीस मिनिटांची एक शॉर्टफिल्म करायला त्याला सहा वर्षं लागली. बंद पडलेल्या थिएटरच्या पहारेकऱ्याची गोष्ट होती. सहा वर्षांत पहारेकऱ्याचं काम करणारा मित्र तेरा किलोनं वाढला, त्यामुळे फिल्ममध्ये तो दारातून आत जाताना बारीक असतो आणि बाहेर येताना जाडा. वन्समोअरचं म्हणणं, बघणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. पण लक्षात यायला आधी बघणारा असावा लागतो.

फिल्म झाली की ती फेस्टिवलांना पाठवायची. हल्ली नुसती लिंक पाठवली की भागतं, आणि या लिंकची एक खोड आहे. ती कुठल्या गावातून, कुठल्या मशीनवर, केव्हा उघडली, किती वेळा, किती मिनिटं पाहिली, सगळं पाठवणाऱ्याला दिसतं. जाणती माणसं प्रत्येक फेस्टिवलला वेगळी लिंक देतात, म्हणजे कोणी कितपत पाहिली ते नेमकं कळतं. वन्समोअरला हे समजलं आणि त्याच्या जिवाची शांती गेली. सकाळी तोंडात ब्रश असतानाच तो फोनवर आकडे बघायला लागला. एका मोठ्या फेस्टिवलनं त्याची फिल्म दोन मिनिटं चार सेकंद पाहिली होती. पहिली दोन मिनिटं नुसती नावंच येतात, म्हणजे पहारेकरी पडद्यावर यायच्या आत परीक्षक उठून गेला. दुसऱ्या एकानं शून्य मिनिटं पाहिली होती, आणि शून्य मिनिटं पाहून लिहिलं होतं, 'आपली कलाकृती आम्हाला मनापासून भावली, परंतु...'

असे एकतीस 'परंतु' जमले. निवड झाली ती एकाच ठिकाणी, आठ तासांच्या प्रवासावरच्या एका गावात. खेळ सकाळी दहाचा. सभागृहात चौघं होते. तो, त्याची बायको, झाडू घेऊन उभ्या असलेल्या एक बाई, आणि पुढच्या फिल्मचा दिग्दर्शक, जो लवकर येऊन झोपला होता. नंतर प्रश्नोत्तरं झाली. झाडूवाल्या बाईंनी विचारलं, "संपलं का?" तेवढा एकच प्रश्न आला.

तिथं गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळालं, त्यावर ठळक अक्षरांत 'दिग्दर्शक' असं छापलेलं. ते त्यानं दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत, जिथं डोळे तपासतात, आरशाच्या खिळ्याला टांगलं. समोरच्या आरशात अक्षरांचा तक्ता वाचताना गिऱ्हाइकाला तेही दिसावं, अशी सोय. एका आजोबांनी तक्त्याच्या शेवटच्या ओळीऐवजी तेच वाचून दाखवलं, तेव्हा वन्समोअरनं त्यांना नंबर फारच आस्थेनं काढून दिला.

एवढं सगळं होऊनही तो टिकून होता तो एकाच गोष्टीच्या जोरावर. बाहेर कोणी विचारो न विचारो, घरात फिल्मवाला तोच होता. सासुरवाडीला जेवायला बसलं की कोणीतरी म्हणायचंच, "मग, फिल्म काय म्हणतेय?" आणि तो घास थांबवून सांगायला लागायचा. हा एवढा पाट जरी कोणी ओढून घेतला असता तर त्याच्याकडे चष्म्याच्या काचांशिवाय काहीच उरलं नसतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सासरे म्हणजे निवृत्त शिंपी. हात आता कापत होते, पण जीभ मात्र कात्रीसारखी चालायची. पहारेकऱ्याच्या बापाचं काम त्यानं त्यांनाच दिलं होतं. वाक्य एकच होतं, "पोरा, दार लावून घे." तेविसाव्या टेकनंतर म्हातारा खुर्चीवरून उठला.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "चाळीस वर्षं कपडे शिवले मी. उसवून पुन्हा शिवायचं काम गिऱ्हाइकाचंसुद्धा दोनदाच करायचो."

त्या दिवसापासून सासरे कॅमेऱ्यासमोर म्हणजे लाकूड, असं वन्समोअरनं ठरवून टाकलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते असंच असतं.

आता साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हा गाडी चालवायला शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला जास्तीचा ब्रेक ठेवायचा, आणि समोरून ट्रक आला तरी आवाज न चढवता "हां, आता जरा डावीकडे" म्हणायचं, हे त्याचं काम. थंड डोक्याचा, हसरा, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. वर्षभरापूर्वी त्यानं जेवताना सहज विचारलं होतं, "दादा, मोबाइलवर फिल्म होते का हो?"

"मोबाइलवर फोन होतो," वन्समोअर म्हणाला होता. सगळे हसले, साडूही हसला. पुढे तासभर वन्समोअरनं त्याला फेस्टिवलवाले कसे दोन मिनिटांत उठतात, लिंकवर ते कसं कळतं, प्रत्येकाला वेगळी लिंक का द्यावी, हे सगळं साग्रसंगीत ऐकवलं. साडू मान डोलावत ऐकत होता. तो नुसतं ऐकत नव्हता, शिकत होता, हे वन्समोअरच्या ध्यानात आलं नाही.

त्यांच्याच शहरात एक छोटा फेस्टिवल भरायचा. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी शाळेच्या सभागृहात तो सुरू केला होता, आणि त्यांचे नियम शाळेसारखेच कडक. प्रत्येक फिल्म तिघांनी पाहायची. दहापैकी मार्क द्यायचे. एकाचे मार्क दुसऱ्याला कळता कामा नयेत. सरासरी सात किंवा वर आली तर फिल्म घ्यायची, नाहीतर नाही. आणि तिघांचेही मार्क आणि शेरे, नाव न सांगता, फिल्म करणाऱ्याला पाठवायचे. बाई म्हणत, "नकार द्यायचा तर कारणासकट. नुसती फुली मारायला मी काय शाळा तपासनीस आहे?" वन्समोअरची फिल्म त्यांनी तीनदा परत केली होती. एका शेऱ्यात लिहिलं होतं, 'फार घासून पुसलेली वाटते.' तो शेरा त्याला पाठ होता.

त्या वर्षी बाई नवा चष्मा करायला दुकानात आल्या. वन्समोअर त्यांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत नेहमीचं विचारत होता, "आता स्पष्ट की मघाशी?" तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही निवड समितीत या ना. नजर बारीक आहे तुमची. मात्र परीक्षकाची स्वतःची फिल्म घेता येत नाही, तेव्हा तुमची या वर्षी नाही."

गेली तीन वर्षं तरी कुठे होती, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण आजवर ज्यांनी त्याला दोन मिनिटांत निकालात काढलं त्यांच्या खुर्चीवर बसायला मिळत होतं. तो हो म्हणाला. समितीची नावं गुप्त असायची, म्हणून बायकोलाही बोलला नाही.

चाळीस लिंक आल्या. दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं. एरवी तो जेवायला घरी जायचा, आता अंधाऱ्या खोलीत लॅपटॉप मांडून बसायला लागला. पहिल्या बावीस फिल्म त्यानं प्रामाणिकपणे शेवटपर्यंत पाहिल्या, कारण मिनिटं मोजली जातात याचं दुःख त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तेविसावी उघडली. पडद्यावर दोन म्हातारी बोटं, त्यात सुई, आणि कापणारा दोरा. बोटं ओळखीची होती. मग आवाज आला, तोही ओळखीचा. आणि शेवटी नाव आलं ते साडूचं.

अठरा मिनिटं होती फिल्म. खिडकीच्या कठड्यावर मोबाइल ठेवलेला, समोर सासरे. सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करतात आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगतात. एवढंच. जो माणूस तेवीस टेकमध्ये 'दार लावून घे' म्हणू शकला नव्हता, तो इथं अठरा मिनिटं असा बोलत होता की ऐकणाऱ्यानं चहा विसरावा.

वन्समोअरच्या पोटात जे पेटलं त्याला मत्सर म्हणतात, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सहा वर्षं कोणी घासली? लेन्स कोणी भाड्यानं आणल्या? पहारेकऱ्याच्या मागचा सूर्यास्त पकडायला सात रविवार गच्चीवर कोण उभं राहिलं? आणि हा ब्रेक दाबणारा गडी, कानामागून आला आणि तिखट झाला! तेही सासऱ्यांना घेऊन. आपल्याला सांगितलंसुद्धा नाही. त्याला खरोखर घाम फुटला. पंखा लावायला तो उठला आणि आरशावर टांगलेल्या ओळखपत्राला त्याचं डोकं आपटलं.

मार्कांच्या कागदावर एक रकाना होता, 'फिल्म करणाऱ्याशी आपलं नातं किंवा ओळख आहे का?' ओळख असेल तर फिल्म दुसऱ्या परीक्षकाकडे जायची. वन्समोअरनं बराच विचार केला. भाऊ हे नातं. मेहुणा हेही एक वेळ नातं. पण साडू? दोन माणसांनी एकाच घरात लग्न केलं, हा तर निव्वळ योगायोग. त्यानं 'नाही' वर खूण केली.

मग त्यानं चुका शोधायला फिल्म पुन्हा पाहिली. पहिल्या खेपेला नऊ चुका निघाल्या होत्या, दुसऱ्या खेपेला चौदा. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा पाहिली, सतरा झाल्या. डोळे तपासायच्या चिठ्ठ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यानं सुवाच्य अक्षरांत यादी केली. चार मिनिटं बारा सेकंद, उजेड एकदम बदलतो. नऊ चाळीस, कॉलरला लावलेला माइक दिसतो. बारा पन्नास, बाहेरून बस जाते, बोलणं नीट ऐकू येत नाही. यादी बघून त्याला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी त्यानं एका गिऱ्हाइकाला काचा पुसायचं फडकं फुकट दिलं.

चौथ्या खेपेपासून घोटाळा सुरू झाला. यादी वाढेना. उजेड बदलतो तिथं सासरे मान वर करून ढगाकडे बघतात, "आलास का?" म्हणतात आणि खुर्ची पुढे ओढतात, हे त्याला आत्ता दिसलं. सात रविवार घालवून हे त्याला जमलं नसतं. त्यानं चिठ्ठीवरची ती ओळ खोडली. पाचव्या खेपेला आणखी तीन खोडल्या, आणि प्रत्येक वेळी त्याचा जळफळाट कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला. वाईट फिल्मचा हेवा दोन दिवसांत विरतो. चांगलीचा विरत नाही.

सातव्या खेपेला त्यानं बारा पन्नासला आवाज पूर्ण वाढवला आणि कान लॅपटॉपला लावला. बसच्या घरघराटाखालून सासरे पुटपुटत होते, "मोठ्या जावयानं चष्मा फार मन लावून करून दिलाय. दोरा अगदी लख्ख दिसतो. ओवता येत नाही, त्याला तो काय करणार?"

वन्समोअरनं तेवढंच मागे नेऊन पुन्हा ऐकलं. कागदावर त्यानं पेन्सिलीनं तीन मार्क लिहून ठेवले होते. तिनाचे त्यानं चार केले. शेरा लिहिला, 'हौशी काम.' आणि मन बदलायच्या आत पाठवून दिलं. तेवढ्या चांगुलपणानं आपण सुटलो असं त्याला वाटलं, आणि मग उरलेल्या दुपारी त्यानं ती फिल्म आणखी चार वेळा पाहिली. आता तर चुका शोधायचं निमित्तही उरलं नव्हतं.

महिन्याभरानं साडू केक घेऊन घरी आला. निवड झाली होती! बाकी दोघांनी नऊ आणि आठ दिले होते. नऊ, आठ आणि चार, सरासरी बरोबर सात. "एक मार्क कमी पडला असता ना दादा, तर गेली होती," साडू म्हणाला. वन्समोअरनं केकचा एवढा मोठा तुकडा तोंडात कोंबला की अभिनंदन करायची गरजच पडू नये.

त्या रविवारी सासुरवाडीला कोणी त्याला विचारलं नाही, "फिल्म काय म्हणतेय?" प्रश्न विचारला गेला, पण तो साडूला. वन्समोअर घास थांबवून बसला होता. सवयीनं.

खेळाच्या संध्याकाळी शाळेचं सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घातलेले सासरे, मग साडू, मेहुणी, मग वन्समोअरची बायको आणि तो. "तुम्ही पाहिली नाहीयेत ना अजून?" बायकोनं विचारलं. "मी कुठून पाहणार?" तो म्हणाला.

दिवे गेले. सुई आली, दोरा आला. मोठ्या पडद्यावर ती बोटं झाडाच्या मुळांएवढी दिसत होती. पाचव्या मिनिटाला सासरे त्या जाड्या साहेबांची गोष्ट सांगायला लागले, जे दर वर्षी येऊन कंबर बत्तीस सांगायचे. "मी टेप लावला," पडद्यावरचे सासरे म्हणाले, "आणि विचारलं..." इथं ते थांबतात. सुई उजेडाकडे धरतात, एक डोळा मिटतात, दोरा ओठांत ओला करतात. पुरे सात सेकंद. सभागृह चिडीचूप होतं.

आणि त्या शांततेत वन्समोअर खदखदून हसला.

सात सेकंद संपले. "...साहेब, बत्तीस तुमची, की तुमच्या लग्नातल्या फोटोची?" अख्खं सभागृह फुटलं. पण त्याच्या आधी एक माणूस हसून मोकळा झाला होता, आणि त्याच्या बायकोनं अंधारात मान वळवली होती. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा त्याला स्वच्छ दिसला. ती हसत नव्हती.

"कितीदा पाहिलीत?" तिनं हळूच विचारलं.

"एकदाही नाही."

तिनं मान पुन्हा पडद्याकडे वळवली. वन्समोअरनं उरलेली तेरा मिनिटं ओठ दाताखाली धरून काढली, कारण पुढची सगळी वाक्यं त्याच्या जिभेवर तयार होती.

टाळ्या बराच वेळ वाजल्या. कोणीतरी मागून ओरडलं, "वन्समोअर!" हाक त्याच्यासाठी नव्हती हे कळायला त्याला एक क्षण लागला. बाईंनी साडूला मंचावर बोलावलं. गाडी शिकवताना ठेवायचा तसेच हात मांडीला लावून तो उभा होता, पण अवघडून.

"मला बोलता येत नाही," साडू म्हणाला. "एवढंच सांगतो. चौदा ठिकाणी पाठवली होती. कोणी दोन मिनिटं पाहिली, कोणी तीन. लिंकवर दिसतं ते, माझ्या थोरल्या साडूंनी मला शिकवलंय. मी ठरवलं होतं, पुरे झालं, हा आपला घास नाही. फोनमधून काढूनच टाकणार होतो. तर इथल्या लिंकवर एक दिवस दिसलं, एकानं पाहिली, पूर्ण. मग त्याच मशीनवरून पुन्हा. सहा दिवसांत अकरा वेळा, शेवटपर्यंत. रोज दुपारी. मी गाडी बाजूला लावून बघायचो, आज पाहिली का त्यानं. कोण आहे ते मला माहीत नाही. पण आता मी दुसरी फिल्म करतोय, ती त्या माणसासाठी."

पुन्हा टाळ्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. इतकी वर्षं दुसऱ्यांची मिनिटं मोजणाऱ्या वन्समोअरच्या एकदाही मनात आलं नव्हतं, की आपलीही कोणी मोजत असेल.

बायको बोटांवर काहीतरी मोजत होती. "तेव्हाच," ती म्हणाली, "तुम्ही दुपारी जेवायला येत नव्हतात. कामं आहेत म्हणालात."

तो जोरात टाळ्या वाजवायला लागला.

"आवडली तर तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

"तसं नाहीये ते," वन्समोअर म्हणाला. आणि तसं नाही तर कसं आहे, हे त्याला सांगता येईना. त्याला त्या अकरा वेळा बघणाऱ्या माणसाचा हेवा वाटत होता. म्हणजे स्वतःचाच. त्याहून जास्त हेवा वाटत होता साडूचा, की त्याला असा एक माणूस लाभला. आपली फिल्म अकरा वेळा बघावी इतका आपला मत्सर आजवर कोणी केला होता?

बाहेर व्हरांड्यात चहा होता. सासऱ्यांभोवती गर्दी होती आणि ते प्रत्येकाची कंबर नजरेनं मोजत होते. साडू कागदी कप घेऊन त्याच्याजवळ आला.

"कशी वाटली दादा?"

"ते अकरा वेळा," वन्समोअर म्हणाला, "मी होतो. समितीत होतो मी."

साडूचा कप हिंदकळला. दुसऱ्या क्षणी त्यानं वन्समोअरला मिठीच मारली. "मला कळायला हवं होतं! तुमच्याशिवाय एवढं कोण बघणार? नऊ तुमचे ना? तो शेरा मी फोनमध्ये जपून ठेवलाय. आणि दादा, तो कोण गाढव होता हो, चार देणारा? 'हौशी काम' म्हणे. मी पैजेवर सांगतो, त्यानं उघडूनसुद्धा पाहिली नसेल."

इथं गप्प बसलं असतं तर सगळं भागलं असतं. साडूला त्याचा चाहता मिळाला होता, चाहत्याला घरातलं पान पुन्हा मिळालं होतं, आणि गाढवाला नावच नव्हतं. बायको चार पावलांवर उभी होती, पण ती काही ऐकत नव्हती. वन्समोअरनं कप खांबाच्या कडेला ठेवला.

"तो गाढवही मीच," तो म्हणाला.

साडू हसला, मग थांबला. "म्हणजे?"

"अकरा वेळा पाहिली आणि चार दिले. चुका काढायला बसलो होतो. मला बघवत नव्हतं तुझं."

आजूबाजूला कप वाजत होते. साडूच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. समोरून ट्रक आला तरी न बदलणारा चेहरा वन्समोअरनं पहिल्यांदाच बदलताना पाहिला. एखाद्यानं ओरडावं, कप फेकावा, तसं काही झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

"खरे किती द्यायचे होते?" साडूनं विचारलं.

"नऊ."

"एक कशाचा कापला?"

"नऊ चाळीसला कॉलरचा माइक दिसतो."

साडूनं मान हलवली, नोंद घेतल्यासारखी. मग म्हणाला, "तुमची फिल्म आम्हाला कधी दाखवली नाहीत. फेस्टिवलला लागली की मोठ्या पडद्यावरच बघा म्हणायचात. लिंक पाठवा. मीही जरा बघतो." आणि तो सासऱ्यांना गाडीत बसवायला निघून गेला. निरोप घेतला नाही.

लिंक पाठवायला वन्समोअरला दोन दिवस लागले. शहाण्या माणसासारखी त्यानं ती वेगळी बनवली, फक्त साडूसाठी. गुरुवारी सकाळी तोंडात ब्रश असताना आकडे पाहिले. एकदा, अठ्ठावीस मिनिटं, शेवटपर्यंत. एकतीस फेस्टिवल झाले, पण बाईंच्या समितीशिवाय शेवटपर्यंत कोणी पाहिली नव्हती. त्यानं ब्रश काढून पुन्हा पाहिलं. साडूचा मात्र ना फोन, ना निरोप.

शुक्रवारी दोन झाले. शनिवारी चार. रविवारी सासुरवाडीला साडू नेहमीच्या जागी बसला होता. त्यानं भाजीचं भांडं पुढे सरकवलं, पण फिल्मचा विषय काढला नाही, आणि वन्समोअरलाही विचारायची हिंमत झाली नाही. पहारेकरी बारीक आत जातो आणि जाडा बाहेर येतो, हे याला दिसलं असणार. माणूस आवडीनं बघतोय, की चिठ्ठीच्या मागे यादी करतोय? आकड्यावरून काहीच कळत नव्हतं. दोन्हीचा आकडा सारखाच दिसतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

सोमवारी दुपारी दुकान बंद करून तो अंधाऱ्या खोलीत बसला आणि फोन उघडला. सात झाले होते. आठवी चालू होती.